सोफ्यावरचे ठाणेकर

माझा जन्म कल्याणचा आहे, ही गोष्ट आमच्या घरात हत्यार म्हणून वापरली जाते.

वास्तविक मी ठाण्याच्या वर्तकनगरात वाढलो. शाळा इथली, कॉलेज इथलं, पहिल्यांदा सायकलवरून पडलो तोही रस्ता इथलाच. ठाण्याबद्दल कुणी वाकडं बोललं की मला ते अंगावर आल्यासारखं होतं. पण पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, असा आपल्याकडे रिवाज. आईचं माहेर कल्याणचं. ती तेवढ्यापुरती तिकडे गेली, मला जन्म दिला, आणि बारसं उरकून मला घेऊन ठाण्याला परत आली. शुद्धीवर येऊन मी बघतो तो ठाण्यातच. या एवढ्याशा भांडवलावर माझी बायको गेली कित्येक वर्षं धंदा करते आहे. मी तलावांवर बोलायला लागलो, की ती भाजी चिरता चिरता म्हणते, "गप रे, कल्याणकर."

बायको विठ्ठलवाडीची, म्हणजे कल्याणला लागूनच. तिचे वडील, म्हणजे आमचे बाबा, कल्याणच्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यापासून विठ्ठलवाडीच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायचे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. गेल्या पावसाळ्यानंतर ते बाथरूममध्ये घसरले आणि पाय मोडून घेतला, तेव्हा आम्ही त्यांना उचलून आमच्याकडे आणलं. "पाय बरा होईपर्यंत," ही त्यांची अट. पाय बरा झाला. काठी घेऊन ते खालच्या बागेत फेऱ्या मारायला लागले, आणि मग एके दिवशी जेवताना म्हणाले, "सोमवारी निघतो."

त्यांचं तत्त्व असं, की माणसानं जावयाच्या घरी राहू नये. त्यांच्या वडिलांनी म्हणे मुलीच्या घरी नातू होईपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. बाबा तितके कडक नाहीत, ते चहा घेतात. पण पिऊन झाला की कप स्वतः विसळून ठेवतात, म्हणजे हिशेब मिटला. त्यांची बॅग पलंगाखाली असायची. बायकोनं कपाटातला एक अख्खा कप्पा रिकामा करून दिलेला, पण बाबांनी त्यात रुमालसुद्धा ठेवला नाही. सदरा बॅगेतून काढायचा, धुऊन वाळला की घडी करून बॅगेत, वर चेन बंद. आमच्या घरात ते इतके महिने प्लॅटफॉर्मवर बसल्यासारखे राहत होते.

बायकोचा जीव त्या तिसऱ्या मजल्यात अडकलेला. पुन्हा पडले तर दार कोण उघडणार, हा तिचा प्रश्न. ती बाबांशी बोलली, रडली, चिडली. बाबा म्हणायचे, "आमच्या कल्याणात शेजारी असतात." शेवटी ती माझ्याकडे वळली. "तू काहीतरी कर. एरवी तर इतका बोलतोस."

आता मला काही कर म्हणणं धोक्याचं असतं, हे तिला माहीत नाही असं नाही. पण माणूस बुडायला लागला की समोर येईल ते धरतो.

माझी योजना तयार होती. रविवारी शहराचा वर्धापन दिन होता. आमच्या भागातल्या एका मंडळानं उपवन तलावाकाठी दिवसभराचा कार्यक्रम ठेवलेला. गाणी, खाऊचे स्टॉल, जुन्या फोटोंचं प्रदर्शन, सत्कार. मी ठरवलं, सगळ्यांनी मिळून जायचं. बाबांना ठाणं दाखवायचं, असं दाखवायचं की त्यांचं मन इथे रमलं पाहिजे. सोमवार आपोआप रद्द.

"शहराला वर्धापन दिन कसा असेल?" बाबा म्हणाले. "शहर काय दुकान आहे? महापालिकेला असतो."

"तेच हो बाबा. उत्सव तर आहे."

"चला. सोमवारचं सामान भरून झालंच आहे माझं."

मी ठेवणीतला कुडता घातला. मुलगी कॉलेजात आहे, ती मला म्हणाली, "बाबा, तू नगरसेवकाच्या मागे उभा राहणारा वाटतोयस." मी ती स्तुती समजून घेतली.

उपवनला पोचलो तर कमान, झेंडे, ढोल-ताशा. मी लगेच सुरू झालो. हा तलाव, पलीकडे तो डोंगर, त्याच्या मागे जंगल, जंगलात बिबटे. बिबट्यांवर मी जरा जास्तच बोललो असेन. कारण बाबा थांबून म्हणाले, "म्हणजे म्हाताऱ्या माणसानं इथे राहावं, असं तुमचं म्हणणं?"

प्रदर्शनात मी त्यांना मासुंदा तलावाचा एक जुना फोटो दाखवला आणि भरून आलेल्या गळ्यानं बोलायला लागलो. पाच-एक वाक्यं झाल्यावर मुलीनं कुडत्याची बाही ओढली. फोटोखाली लिहिलेलं होतं: दुर्गाडी किल्ला, कल्याण, खाडीच्या बाजूने. 'शेजारची शहरे' असा एक कोपरा केलेला, मी त्यात शिरलो होतो. मी केलेलं वर्णन बाबांनी मान डोलवत पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "छान आहे तुमचं ठाणं."

बायको माझ्याकडे बघत नव्हती. तिला माझी लाज वाटली की ती असं करते. शिवाय बाबांचा पाय दुखायला लागलाय हे तिला दिसत होतं. ते काठीवर जास्त भार देत होते. मंडपात प्लॅस्टिकच्या हातवाल्या खुर्च्या सगळ्या भरलेल्या, आणि ज्या रिकाम्या होत्या त्यांना हात नव्हते. बाबांना हात नसलेल्या खुर्चीतून उठता येत नाही.

पहिल्या रांगेत मात्र सोफे होते. आपल्याकडे कुठलाही समारंभ असला की पुढे सोफे असतात, त्यांच्यावर पांढरी कापडं असतात, पुढ्यात काचेच्या टीपॉयवर पाण्याच्या बाटल्या असतात आणि सोफे रिकामे असतात. ज्यांच्यासाठी ते मांडलेले असतात त्यांना उशिरा येण्याचाच मान असतो. मी बाबांचा हात धरला आणि सरळ सोफ्याकडे निघालो.

तिथे मंडळाची एक मुलगी उभी होती, गळ्यात ओळखपत्र, हातात फोन. मी म्हणालो, "हे आमचे ज्येष्ठ. इथे बसतील."

तिनं बाबांकडे बघितलं, तिचा चेहरा खुलला. "बाळकुमचे ना?"

बाळकुम म्हणजे ठाण्यातलंच खाडीकाठचं जुनं गाव. आता इथे माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं. समोरच्या माणसानं खात्रीनं काही विचारलं, की माझ्या तोंडून हो निघून जातं. एकदा दवाखान्यात नर्सनं विचारलं, उपाशीपोटी आलात ना, आणि मी पोहे खाऊन गेलेलो तरी हो म्हणालेलो. "हो, म्हणजे काय," मी म्हणालो. "बाळकुमचेच."

बाबांनी माझ्याकडे चमकून बघितलं. मला वाटलं, माझ्या खोटेपणाचा राग आला. मी त्यांना हळूच सोफ्यावर बसवलं आणि मागे बायको आणि मुलीपाशी येऊन बसलो.

थोड्या वेळानं त्या मुलीनं येऊन बाबांच्या सदऱ्याला सॅटीनच्या फितीचा लाल बिल्ला लावला. मग एक गुलाब दिला. मग पेढे आणून दिले.

"त्यांना बिल्ला का लावला?" बायकोनं विचारलं.

"आदर असतो ठाण्यात म्हाताऱ्यांना," मी म्हणालो. "बघ म्हणावं. कल्याणात कुणी लावलाय?"

"तू तिला काय सांगितलंस?"

"काही नाही. बसायला जागा मागितली."

ती आणखी काही विचारणार, तेवढ्यात माइकवरचा निवेदक म्हणाला, "आणि आता सत्कार, या मातीत जन्मलेल्या, बाळकुम गावच्या ज्येष्ठ भूमिपुत्रांचा." आणि ओळखपत्रवाल्या मुलीनं बाबांच्या कोपराला हात घातला.

बाबा उठले. जायच्या आधी त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. शाळेत कॉपी करताना मी एकदाच पकडला गेलो होतो, तेव्हा पर्यवेक्षकांनी असं बघितलं होतं.

"अरे, काय करून ठेवलंस तू?" बायको म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता, म्हणजे परिस्थिती गंभीर. "ते आता माइकवर सांगणार, मी कल्याणचा, हा माणूस खोटं बोलला. आणि उद्याचं सोड, आजच रिक्षा करून जातील."

मुलगी फोनवर शूटिंग करत होती. "बाबा, फुल पोपट होणारे तुझा," ती मला प्रेमानं म्हणाली.

बाबा खोटं बोलत नाहीत. हे नुसतं सांगण्यापुरतं नाही. आमच्या लग्नात माझ्या काकांनी त्यांना हसत विचारलेलं, कसे वाटले जावई? हे म्हणाले, "अजून सांगता यायचं नाही." अजूनही त्यांनी काही सांगितलेलं नाही.

स्टेजवर त्यांना शाल घातली, हातात नारळ दिला. निवेदकानं माइक पुढे केला. "आजोबा, जन्म बाळकुमचाच ना आपला?"

मंडपातले पंखे ऐकू यायला लागले. मी खुर्चीत जितका खाली सरकता येईल तितका सरकलो.

"हो," बाबा म्हणाले. "जन्म बाळकुमचा."

टाळ्या पडल्या. निवेदकाला चेव आला. "काय आठवतं तेव्हाचं?"

"भाताची खाचरं. भरतीच्या वेळी खाडीचा वास यायचा घरात. आणि विहिरीवर एक चिंच होती. मामा बजावायचे, तिच्याखाली झोपू नका, थंडी भरते."

पुन्हा टाळ्या. माझे डोळे भरून आले, खरंच सांगतो. आयुष्यभर खरं बोललेला हा माणूस केवळ जावयाची अब्रू वाचवायला भर सभेत खोटं बोलत होता. आणि काय सफाईदार. मास्तर लोक एकदा खोटं बोलायला लागले की तपशिलासकट बोलतात, असंही मला वाटून गेलं. मी बायकोकडे बघितलं. ती वडिलांकडे टक लावून बघत होती, कपाळाला आठी घालून.

तेवढ्यात मंडपाच्या बाजूनं एक म्हातारी आली. काष्ट्याचं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, पाठीत वाकलेली पण चाल झपाझप. तिच्याबरोबर मंडळाचा एक घामाघूम कार्यकर्ता. बाळकुम नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकले होते म्हणे. ती सरळ स्टेजच्या पायरीवर चढली आणि माइकची गरज नसलेल्या आवाजात म्हणाली, "मना बोलावला नं शाल दुसऱ्याला?"

सोफा कुणासाठी होता ते आता अख्ख्या मंडपाला कळलं. निवेदक कागद उलटेपालटे करायला लागला; त्यावर नाव नव्हतंच, नुसतं 'बाळकुमचे ज्येष्ठ' लिहिलेलं. ओळखपत्रवाली मुलगी गर्दीत कुणालातरी शोधत होती, आणि तो कुणीतरी खुर्चीखाली वाकून न पडलेली वस्तू शोधत होता.

मान वर केली तेव्हा बाबांनी आपल्या अंगावरची शाल काढून म्हातारीच्या खांद्यांवर घातलेली होती. दोघं डोकी जवळ आणून काही बोलत होते. मला वाटलं, माझ्यावतीनं माफी मागताहेत. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना तो शालीचा प्रकार ठरवून केलेला वाटला.

बाबा नारळ घेऊन खाली आले, तेव्हा मी पुढे होऊन हात जोडले. "बाबा, माझ्यासाठी तुम्ही खोटं बोललात. मी विसरणार नाही."

"खोटं?" बाबा म्हणाले. "खोटं तुम्ही बोललात. मी खरं तेच सांगितलं."

मुलीनं फोन आजोबांकडे वळवला.

"पहिलं बाळंतपण माहेरी," ते म्हणाले. "तुमचं झालं तसंच. माझ्या आईचं माहेर बाळकुमचं."

"बाबा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत," बायको म्हणाली.

"तुम्ही कुणी विचारलं नाहीत." मग म्हणाले, "मी सात-आठ वर्षांचा असेन. मामांनी जमीन विकायला काढली, त्यावरून आईशी बोलणं तुटलं. ती परत गेली नाही, आम्हालाही पाठवलं नाही. पुढे मामा विकून सवरून कुठे कुठे गेले. जिथे जायचंच नाही त्याला आजोळ कशाला म्हणायचं?"

बायको म्हणाली, "आणि मला इतकी वर्षं सांगत आलात, ठाणं म्हणजे कल्याणला जाताना लागतं."

"लागतंच," बाबा म्हणाले.

एवढ्यात ती म्हातारी शाल सावरत आमच्यापाशी आली. तिनं बाबांच्या हनुवटीला धरून त्यांचं तोंड उजेडाकडे वळवलं. अठ्ठ्याहत्तरीच्या मास्तरांचं. "आयवरच गेलाय," ती आम्हाला म्हणाली. "तिचे लग्नान मी पिवला परकर घालून नाचलेली." मग बाबांना, "येवरी वरसा कया होतास रं?"

"हयाच," बाबा म्हणाले. "कल्यानला."

मी बायकोकडे बघितलं. मुलीनं फोन खाली केला. आमच्या बोलण्यातलं 'आलेलो, गेलेलो' पकडून टोकणारे बाबा, ही बोली त्यांच्या तोंडात कुठून आली आणि इतकी वर्षं कुठे बसली होती, कुणास ठाऊक.

"कल्यान काय लंडन हाय?" म्हातारी म्हणाली. "चल. बाव दाखवतंय तुला. हाय अजून."

बाव म्हणजे तीच चिंचेची विहीर. स्टॉलवरची मिसळ तशीच राहिली. म्हातारीला, म्हणजे आता आमच्या मावशींना, पुढच्या सीटवर बसवून आम्ही चौघं मागे-पुढे कोंबून आमच्या गाडीतून बाळकुमला गेलो. रस्ता मी सांगायला लागलो, तेव्हा मावशींनी मला "तू गप रं" म्हणून गप्प केलं. ठाण्यात मला ठाण्याचा रस्ता सांगू न देणारी ती पहिलीच बाई. मागच्या सीटवर बायको खूश झाल्याचं मला आरशात दिसलं.

आजोळाच्या जागी आता टॉवर होते. आकाशाच्या जवळपास पोचलेले, गेटवर इंग्रजीत झऱ्यांचं आणि कुरणांचं नाव. गेटवरच्या वॉचमननं काच खाली करायला लावली. "किसके यहाँ जाना है?"

मी सवयीप्रमाणे काहीतरी ठोकून देणार होतो. पण मागून बाबाच म्हणाले, "आजोळी."

"कौनसा विंग?"

बाबांनी जरा विचार केला. मग मावशींनी काच आणखी खाली केली, वॉचमननं त्यांना बघितलं आणि मुकाट दांडा वर घेतला. त्या रोज संध्याकाळी इथे येऊन बसतात, असं मागाहून कळलं. जागा विकली म्हणून बसणं कुठे विकलंय, असं त्यांचं म्हणणं.

चिंच नव्हती. मुलांच्या घसरगुंडीमागे विहीर मात्र होती, कठडा नवा, वर लोखंडी जाळी, जाळीला कुलूप. बाबा कठड्याला टेकून उभे राहिले. काठी त्यांनी मुलीकडे दिली. जाळीतून आत खूप वेळ बघत होते. पाणी खोल होतं, त्यात आभाळाचा एवढासा तुकडा दिसत होता.

"कठडा इतका उंच नव्हता," ते म्हणाले.

"तू येवराच होतास," मावशी म्हणाल्या आणि गुडघ्याशी हात धरून दाखवला.

बाबांनी नारळ कठड्यावर ठेवला. फोडला नाही, नुसता ठेवला आणि नमस्कार केला. निघताना वॉचमन धावत आला आणि ठेवलेला नारळ परत आमच्या हातात दिला. सोसायटीत पूजेचं सामान टाकायला मनाई आहे म्हणे.

त्या नारळाची रात्री सोलकढी झाली. बाबांनी दोन वाट्या घेतल्या. सोमवारबद्दल कुणीच बोललं नाही. बायकोनं मला डोळ्यांनीच बजावलं होतं की तोंड उघडलंस तर बघ.

सकाळी मी उठलो तर बाबा आंघोळ करून, सदरा घालून पलंगावर बसलेले. बॅग पलंगाखालून बाहेर काढून शेजारी ठेवलेली. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात चहाचा कप, आणि चहावर साय धरलेली, म्हणजे बराच वेळ उभी असणार.

"जावयाच्या घरी माणसानं राहू नये," बाबा म्हणाले.

बायकोनं कप ओट्यावर ठेवला.

"हे मी आजही म्हणतो. तत्त्व ते तत्त्व. पण आजोळी आलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. आजोळी माणूस सुट्टीला येतो, सुट्टी संपेपर्यंत राहतो. त्यात कुणाचे उपकार नसतात."

बाळकुम आणि वर्तकनगर यांच्यात बरंच अंतर आहे, रिक्षावाले वाट्टेल तसं फिरवतात, हे माझ्या जिभेवर आलेलं. भूगोलाच्या मास्तरांना ते माहीत नसेल असं नाही. मी पहिल्यांदाच आलेला शब्द गिळला.

"आणि सुट्टी कधी संपते, आजोबा?" मुलीनं विचारलं.

"शाळा कळवेल," बाबा म्हणाले. मग बायकोकडे न बघता, "तो कपाटातला कप्पा रिकामा आहे का अजून?"

बायको आत गेली. आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला आणि मग कप्प्यातला जुना कागद बदलल्याचा.

कपडे कप्प्यात गेले. रिकामी बॅग बाबांनी माझ्यापुढे सरकवली. "ही वर टाका कुठेतरी." त्यांचा विचार बदलायच्या आत हे काम उरकावं म्हणून मी स्टुलावर चढलो आणि माळ्यावर अगदी मागे, पिंपाच्या पलीकडे, बॅग ढकलून दिली. वर चार गोधड्या रचल्या. खाली उतरून हात झटकले.

"बाहेरच्या कप्प्यात माझा चष्मा आहे," बाबा म्हणाले.

मी पुन्हा स्टुलावर चढलो.

"सावकाश," खालून बाबांचा आवाज आला. "एवढी घाई कसली? मी कुठे चाललोय?"